जुनी हार्ड डिस्क आणि नवा संगणक

संगणक बंद पडला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याचा एखादाच अवयव निकामी झालेला असतो. कधी वीजपुरवठ्याचा खोका जळतो, कधी मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगतात, तर कधी पंखा अडकल्यामुळे प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक तापतो. उरलेले अवयव धडधाकट असतात आणि त्यांत पुष्कळदा हार्ड डिस्कही असते. आपले सर्व लेखन, हिशेब, छायाचित्रे आणि नोंदी याच डिस्कवर साठवलेल्या असल्यामुळे, ती वाचली म्हणजे सारे वाचले, अशी आपली भावना होते.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयात २०१० साली घेतलेला एक संगणक आहे, अशी कल्पना करा. त्यात विंडोज ७ ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली, बसवलेली आहे. ग्रंथांची दाखल नोंद, सभासदांची यादी, वर्गणी आणि अनामत रकमांचे हिशेब, कार्यकारी मंडळाच्या सभांची इतिवृत्ते असे सर्व काही त्यात आहे. एके दिवशी सकाळी तो सुरूच होत नाही. दुरुस्ती करणारा सांगतो, "मदरबोर्ड गेला. या बनावटीचा आता मिळायचा नाही. डिस्क मात्र शाबूत आहे." ग्रंथपालांच्या मनात साहजिकच विचार येतो, की ही डिस्क काढून नव्या संगणकात बसवावी आणि काम पूर्ववत सुरू करावे.

हा विचार अर्धा बरोबर आहे. त्याचा कोणता अर्धा भाग बरोबर आणि कोणता चूक, हे समजून घेणे हा या प्रकरणाचा हेतू होय. ज्यांना ते समजत नाही त्यांच्या हातून, डिस्क शाबूत असतानाही, त्यावरील माहिती नाहीशी होण्याचा संभव असतो.

तबकडीची रचना

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर बसवलेल्या होत्या. एवढ्या अवाढव्य यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. आज टेबलावरच्या संगणकात असलेली साडेतीन इंची डिस्क तळहातावर राहते आणि तिच्यात याच्या लक्षावधी पट मजकूर मावतो. परंतु तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत राहतात आणि त्यांच्यावरून सरकणारे शीर्ष लेपाचे चुंबकत्व वाचते अथवा बदलते.

या डिस्कच्या तबकड्या पुष्कळदा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीच्या कडेचा वेग त्यामुळे ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. शीर्ष तबकडीला टेकत नाही. ते तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटर भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे चालू डिस्क हलवणे किती धोक्याचे आहे ते उमगेल. जुन्या संगणकातून डिस्क काढताना वीज पूर्णपणे बंद करावी, तबकड्या थांबेपर्यंत थोडा वेळ जाऊ द्यावा आणि डिस्क आपटू देऊ नये, हे साधे नियम याच रचनेतून आलेले आहेत. अलीकडील एसएसडी या प्रकारात फिरणारे भाग नसतात. तेथे माहिती विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत साठवलेली असते.

डिस्कला स्वतःला मजकुराचा अर्थ कळत नाही. तिच्या दृष्टीने सर्व माहिती म्हणजे क्रमांक घातलेल्या लहान लहान कप्प्यांची एक लांबलचक ओळ असते. जुन्या डिस्कवर असा प्रत्येक कप्पा ५१२ बाइटचा असे. नव्या डिस्कवर तो ४,०९६ बाइटचा असतो. या ओळीचे विभाग कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, याची नोंद आरंभी केलेली असते. तिला विभागसारणी म्हणू. प्रत्येक विभागात फाइलींची नावे आणि त्यांचे कप्पे यांची एक अनुक्रमणिका असते. तिला फाइल व्यवस्था म्हणतात. त्यानंतर प्रत्यक्ष फाइली येतात.

या फाइलींत दोन जाती आहेत. एक जात आपण निर्माण केलेल्या माहितीची: पत्रे, याद्या, चित्रे. दुसरी जात कार्यप्रणालीची, म्हणजे यंत्राला चालवणाऱ्या आज्ञावलींची. दोन्ही एकाच तबकडीवर शेजारी शेजारी नांदत असल्या, तरी स्थलांतराच्या वेळी त्यांचे वागणे अगदी भिन्न असते.

बिऱ्हाड आणि त्याच्या सवयी

बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी, कपडे आणि पुस्तके कोणत्याही घरात जशीच्या तशी नेता येतात. परंतु जुन्या घरात अंधारातही दिव्याचे बटण सापडत होते, पाणी किती वाजता येते हे ठाऊक होते आणि कोणते दार जोराने ओढावे लागते याची हाताला सवय होती. नव्या घरात या ज्ञानाचा उपयोग नसतो. उलट त्याची अडचणच होते. आपली माहिती ही भांड्याकुंड्यांसारखी आहे. कार्यप्रणाली मात्र सवयींची बनलेली असते.

हे कसे घडते, हे पाहण्यासाठी संगणक सुरू होतानाच्या पायऱ्या पाहू. बटण दाबताच प्रथम मदरबोर्डवरील एका चिपमधील लहान आज्ञावली जागी होते. जुन्या संगणकात हिला बायॉस म्हणत. ती स्मृती, कळफलक आणि डिस्क यांची तपासणी करून डिस्कच्या पहिल्या कप्प्यातील ५१२ बाइट वाचते. त्यांतील ४४६ बाइट आरंभाच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट विभागसारणीसाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. या चिमुकल्या आज्ञा पुढच्या मोठ्या आज्ञावलीला हाक देतात, ती कार्यप्रणालीच्या गाभ्याला स्मृतीत आणते आणि मग तो गाभा यंत्राचा ताबा घेतो.

या शेवटच्या पायरीवर खरी अडचण उद्भवते. ताबा घेतल्यानंतर गाभ्याला उरलेल्या फाइली डिस्कवरून स्वतः वाचाव्या लागतात आणि त्यासाठी डिस्कची जोडणी सांभाळणाऱ्या मदरबोर्डवरील भागाशी बोलता येणे आवश्यक असते. हे बोलणे करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हा हत्तीच्या माहुतासारखा असतो. आपल्या हत्तीची प्रत्येक खूण त्याला ठाऊक असते. परंतु हत्ती बदलला की त्या खुणांचा उपयोग होईलच असे नाही. जुन्या यंत्रावर बसवलेल्या कार्यप्रणालीने केवळ त्याच यंत्राला लागणारे माहूत आरंभी हजर ठेवलेले असतात. नव्या यंत्रात योग्य माहूत वेळेवर न भेटल्यास, ज्या डिस्कवरून ती स्वतः सुरू झाली तीच डिस्क तिला दिसेनाशी होते. विंडोज अशा वेळी निळा पडदा दाखवून थांबते. त्यावर बहुधा शून्य एक्सनंतर अनेक शून्ये आणि शेवटी ७बी असा संकेतांक असतो. त्याचा अर्थ, आरंभाची डिस्क हाती लागत नाही, असा आहे. डिस्क बिघडली असा त्याचा अर्थ नव्हे. हा फरक न कळल्यामुळे घाबरून डिस्क पुसून टाकणारे लोक थोडे नाहीत.

कित्येकदा अडचण याहूनही किरकोळ असते. मदरबोर्डच्या मांडणीत डिस्कशी बोलण्याच्या आयडीई आणि एएचसीआय अशा दोन पद्धती असत. कार्यप्रणाली बसवताना जी पद्धत निवडलेली होती तीच नव्या यंत्रात निवडता आली, तर जुनी डिस्क सुरू होण्याची शक्यता वाढते.

जोडणीचे आणि आरंभाचे प्रकार

जुन्या डिस्कवर ४० टाचण्यांची रुंद जोडणी दिसली तर ती पाटा प्रकारची समजावी. २००३ च्या सुमारास तिची जागा साटा या अरुंद जोडणीने घेण्यास आरंभ केला. तिच्यात माहितीसाठी ७ आणि विजेसाठी १५ संपर्कपट्ट्या असतात. पुढे २०११ मध्ये एनव्हीएमई या पद्धतीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले आणि आजच्या बहुतेक नव्या संगणकांत मदरबोर्डवरच आडवी बसणारी या प्रकारची लहानशी पट्टी असते. जोडणी जुळत नसली तरी निराश होण्याचे कारण नाही. पाटा किंवा साटा डिस्क यूएसबीला जोडून देणारा ॲडॅप्टर संगणकाच्या दुकानात मिळतो. माहिती वाचून घेण्यास तो पुरेसा आहे.

दुसरा भेद आरंभाच्या पद्धतीचा आहे. बायॉसच्या जुन्या पद्धतीत विभागसारणीतील कप्प्यांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जातात. ५१२ बाइटचे एवढे कप्पे मिळून सुमारे २ लाख २० हजार कोटी बाइट होतात. ही त्या सारणीची मर्यादा होय. डिस्कची धारणशक्ती तिच्यापलीकडे गेली, तेव्हा जीपीटी ही नवी विभागसारणी आवश्यक ठरली. बायॉसची जागा यूईएफआय या पद्धतीने घेतली. तिची जोपासना करणारा मंच २००५ साली स्थापन झाला. आजचे अनेक नवे संगणक केवळ यूईएफआय पद्धतीनेच सुरू होतात. जुन्या सारणीवर उभी असलेली कार्यप्रणाली त्यांत बसवली, तर डिस्क दिसते, फाइली दिसतात, पण संगणक तिच्यावरून सुरू होत नाही.

येथे आणखी एक बारकावा आहे. यूईएफआयमध्ये, कोणत्या डिस्कवरील कोणती आज्ञावली प्रथम चालवायची, याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत असते. डिस्क नव्या घरी गेली तरी ही नोंद जुन्या मदरबोर्डवरच राहते. ती नव्या ठिकाणी पुन्हा करून द्यावी लागते.

कार्यप्रणालींचे स्वभाव

स्थलांतर सहन करण्याची शक्ती सर्व कार्यप्रणालींत सारखी नसते. २००१ साली आलेली विंडोज एक्सपी या बाबतीत फार हट्टी होती. एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर तिच्यात मुळात नसे. तो बसवण्याच्या वेळी फ्लॉपीवरून द्यावा लागे. २००९ मधील विंडोज ७ अधिक समजूतदार होती, परंतु यूएसबी ३ आणि एनव्हीएमई यांचे ड्रायव्हर तिच्याबरोबर आलेले नव्हते. त्यामुळे अलीकडील यंत्रावर ती कशीबशी सुरू झाली, तरी कळफलक आणि माऊस निश्चल पडून राहतात, असा विचित्र अनुभव येतो. २०१५ मधील विंडोज १० मात्र नवे यंत्र ओळखून पहिल्याच आरंभाला आपली बरीचशी मांडामांड स्वतः करून घेते.

लिनक्सचा गाभा प्रत्येक आरंभाला यंत्राची पाहणी नव्याने करतो आणि बहुतेक ड्रायव्हर त्याच्या जवळच असतात. म्हणून लिनक्स असलेली डिस्क एका यंत्रातून दुसऱ्यात नेली असता ती पुष्कळदा काही न घडल्यासारखी सुरू होते. तरीही काही वितरणे आरंभीच्या संचात त्या एका यंत्रापुरतेच ड्रायव्हर ठेवतात. अशा वेळी पर्यायी, सर्वसमावेशक संचाची निवड करून मग नवा संच तयार करून घ्यावा लागतो.

यंत्राच्या पात्रतेबरोबर कायद्याचाही विचार केला पाहिजे. संगणकाबरोबरच विकत मिळालेली विंडोजची अनुज्ञप्ती सर्वसाधारणपणे त्या पहिल्या यंत्राशी बांधलेली असते. स्वतंत्रपणे घेतलेली अनुज्ञप्ती दुसऱ्या यंत्रावर नेता येते. शिवाय प्रत्येक प्रणालीचे आयुष्य ठरलेले असते. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे विंडोज एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा आपल्या ग्रंथालयातील विंडोज ७ नव्या यंत्रावर मोठ्या कष्टाने उभी केली, तरी तिला इंटरनेटशी जोडणे शहाणपणाचे ठरणार नाही.

सर्वांत आधी प्रत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिला नियम असा, की जुनी डिस्क नव्या संगणकात बसवून तिच्यावरून तो सुरू करण्याचा प्रयत्न लगेच करू नये. कार्यप्रणाली सुरू होताच ती डिस्कवर लिहू लागते. नवे ड्रायव्हर नोंदवते, जुन्या नोंदी बदलते, कधी फाइल व्यवस्थेची परस्पर डागडुजीही करते. प्रयत्न फसला तर डिस्क पूर्वीच्या स्थितीत राहत नाही. म्हणून आधी तिची संपूर्ण प्रत घ्यावी आणि प्रयोग शक्यतो त्या प्रतीवर करावेत.

यासाठी जुनी डिस्क दुसऱ्या, चालू स्थितीतील संगणकाला यूएसबीने जोडावी. या क्षणी पडद्यावर एखादा प्रश्न उमटण्याचा संभव असतो. ही डिस्क वापरण्यापूर्वी तिचे फॉरमॅटिंग केले पाहिजे, ते करायचे आहे का, अशा आशयाचा तो प्रश्न असतो. त्याला नकार द्यावा. संगणकाला त्या डिस्कवरील फाइल व्यवस्था वाचता आली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ आहे. होकार दिला तर जुनी अनुक्रमणिका जाऊन तिच्या जागी कोरी अनुक्रमणिका येते.

प्रत दोन प्रकारची असते. फाइलींची प्रत घेताना आपण हव्या त्या फाइली उचलतो. संपूर्ण डिस्कची प्रत घेताना पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत जे असेल ते जसेच्या तसे उतरवले जाते. दुसऱ्या कामासाठी क्लोनझिला यासारख्या विनामूल्य आज्ञावली आहेत. हे काम करताना मूळ कोणते आणि प्रत कोणती याची उलटापालट झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्व माहिती नष्ट होते. हा अपघात वाटतो तितका दुर्मिळ नाही. म्हणून दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक आधी कागदावर लिहून ठेवावेत आणि आज्ञा देण्यापूर्वी पडद्यावरच्या अनुक्रमांकांशी पडताळून पाहावेत.

वेळेचाही अंदाज असावा. यूएसबी २ या जुन्या जोडणीतून व्यवहारात सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट जातात. ३०० गिगाबाइट माहितीला त्या वेगाने १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. आकारमानाबाबतही घोटाळा होऊ देऊ नये. वेष्टनावर ५०० गिगाबाइट लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ४६५ एवढीच दिसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. यात काही गहाळ झालेले नसते.

डिस्कमधून टकटक असा आवाज नियमितपणे येत असेल, तर ती स्वतःच मरणपंथाला लागलेली आहे असे समजावे. अशा वेळी ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये. अत्यंत महत्त्वाच्या फाइली प्रथम काढाव्यात आणि माहिती अनमोल असेल, तर डिस्क बंद ठेवून जाणकाराकडे द्यावी.

तीन मार्ग

प्रत हाती आल्यावर ग्रंथालयापुढे तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग, नव्या संगणकात नवी कार्यप्रणाली बसवून केवळ माहिती तेवढी तिच्यात आणणे. बहुतेकांसाठी हाच मार्ग उत्तम होय. मात्र माहिती कोठे कोठे दडलेली असते, हे ठाऊक पाहिजे. पत्रे आणि चित्रे सहज सापडतात. परंतु हिशेबाच्या किंवा ग्रंथनोंदीच्या आज्ञावली आपली माहिती स्वतःच्या फोल्डरमध्ये, कधी कार्यप्रणालीच्या खोल गाभाऱ्यात ठेवतात. काही आज्ञावली तर माहितीसाठी वेगळा डेटाबेस वापरतात आणि त्याच्या फाइली नुसत्या उचलून आणल्याने उघडत नाहीत. शिवाय ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांच्या जुन्या आज्ञावली चालतच नाहीत.

दुसरा मार्ग, जुनी कार्यप्रणालीच नव्या यंत्रात नांदवणे. लिनक्स किंवा विंडोज १० असेल आणि दोन्ही यंत्रांत फारसे अंतर नसेल, तर हा मार्ग सुखाचा ठरतो. जुना मदरबोर्ड अद्याप चालू असेल, तर निघण्यापूर्वी त्या यंत्रापुरते खास ड्रायव्हर काढून टाकावेत. विंडोजमध्ये तर यंत्राची ओळख पुसून टाकणारी सिसप्रेप नावाची आज्ञावलीच दिलेली असते. आपल्या उदाहरणातील विंडोज ७ साठी मात्र हा मार्ग जवळजवळ बंद आहे.

तिसरा मार्ग अधिक कल्पक आहे. नव्या संगणकात आज्ञावलीच्या साहाय्याने एक कल्पित संगणक उभा करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत एका मोठ्या फाइलीच्या रूपाने त्याला दिली, की जुनी कार्यप्रणाली त्या कल्पित संगणकात सुरू होते. जुन्या यंत्रात डिस्कची जोडणी ज्या प्रकारची होती, तोच प्रकार येथे निवडता येतो. त्यामुळे माहुताला आपल्या ओळखीचा हत्ती भेटतो. इंटरनेटची जोडणी तोडून ठेवली म्हणजे जुन्या प्रणालीतील असुरक्षिततेची भीतीही पुष्कळ कमी होते.

पहिल्या मार्गातील उणीव या तिसऱ्या मार्गाने भरून काढता येते. ग्रंथपालांनी कल्पित संगणकात जुनी आज्ञावली सुरू करावी, तिच्यातूनच दाखल नोंद आणि सभासदांची यादी साध्या तक्त्याच्या रूपाने बाहेर काढावी आणि ती नव्या यंत्रातील नव्या आज्ञावलीत भरावी. जुने यंत्र अशा रीतीने शेवटचे एक काम करून विश्रांती घेते.

कुलपे आणि हक्क

डिस्क वाचता येते, पण फोल्डर उघडत नाही, असेही घडते. विंडोज प्रत्येक फाइलीबरोबर तिच्या मालकाची खूण ठेवते आणि ही खूण जुन्या यंत्रावरील खात्याची असते. नव्या यंत्रावर व्यवस्थापकाच्या खात्यातून त्या फोल्डरची मालकी आपल्याकडे घेतली, की अडचण दूर होते.

डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर गोष्ट वेगळी. बिटलॉकर या विंडोजमधील व्यवस्थेत किल्ली बहुधा मदरबोर्डवरील टीपीएम या चिपशी बांधलेली असते. डिस्क दुसऱ्या यंत्रात जाताच ती ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांक मागते. हा क्रमांक कोठेच नोंदवलेला नसेल, तर जगातील कोणीही ती माहिती वाचू शकणार नाही. तिची रचनाच तशी आहे. अनेक नव्या संगणकांत ही व्यवस्था आपल्या नकळत सुरू असते. वाचकांनी आपल्या संगणकाचा हा क्रमांक यंत्र चालू आहे तोवरच शोधून कागदावर उतरवून ठेवावा, अशी आग्रहाची सूचना आहे.

लिपीचा प्रश्न

भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. इंग्रजीतील पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. फाइल सुखरूप आली, उघडलीही, पण पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि अनोळखी चिन्हे यांची गर्दी दिसते. प्रस्तुत अनुवादकाने २००४ च्या सुमारास संगणकावर उतरवलेल्या अनुवादांची अशीच गत झाली होती. प्रत बिनचूक होती, एकही बाइट हरवला नव्हता, आणि तरी एकही ओळ वाचता येत नव्हती.

याचे कारण असे. भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. परंतु प्रकाशन व्यवसायात त्यानंतरही बरीच वर्षे वेगळीच रीत चालू राहिली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले टंक वापरले जात आणि प्रत्येक निर्मात्याचा क्रम निराळा असे. अशा फाइलीत मुळात देवनागरी नसतेच. देवनागरीचे रूप टंक देतो. टंक जुन्या डिस्कवर राहिला की ते रूपही मागे राहते. काही आज्ञावलींना तर संगणकाच्या मागे लावायचे एक वेगळे कुलूप, म्हणजे डोंगल लागे. ते जोडण्याचे जुने पोर्ट नव्या संगणकावर नसते.

म्हणून भारतीय भाषांतील मजकूर हलवताना फाइलींबरोबर टंकांचीही प्रत घ्यावी आणि कोणती फाइल कोणत्या टंकात आहे याची नोंद करावी. जुनी प्रणाली प्रत्यक्षात किंवा कल्पित संगणकात चालू आहे तोवर महत्त्वाच्या मजकुराची टंकासह पीडीएफ करून ठेवावी. म्हणजे निदान वाचता तरी येईल. पुढे त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि पीडीएफशी ताडून तो शुद्ध करून घ्यावा. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली जोडाक्षरे, रफार आणि र्‍हस्व इकार या ठिकाणी चुका करतात, असा अनुभव आहे. त्यामुळे मुद्रितशोधनाला पर्याय नाही.

स्थलांतरानंतर

नव्या यंत्रात सर्व आले असे वाटल्यावर मोजदाद करावी. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळतात का ते पाहावे. निरनिराळ्या वर्षांच्या काही फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. ग्रंथपालांनी दाखल नोंदीतील पहिला, शेवटचा आणि मधले काही क्रमांक कागदी नोंदवहीशी ताडून पाहिले, तर त्यांना खरा निर्वाळा मिळेल.

जुनी डिस्क लगेच टाकून देऊ नये अथवा विकू नये. निदान वर्षभर, म्हणजे वार्षिक हिशेब आणि तपासणी यांचे एक चक्र पूर्ण होईपर्यंत, ती कोरड्या जागी जपून ठेवावी. विसरलेली एखादी गोष्ट बहुधा याच काळात आठवते. त्यानंतर ती द्यायची असेल, तर आधी पुसावी. फाइल खोडल्याने केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. मजकूर कप्प्यांत तसाच राहतो. चुंबकीय डिस्कवर सर्व कप्प्यांवर नवे काहीतरी लिहिले गेले, म्हणजेच ती खऱ्या अर्थाने कोरी होते. सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक ज्या डिस्कवर आहेत, तिच्या बाबतीत ही दक्षता घेणे ग्रंथालयाचे कर्तव्यच आहे. त्यानंतर ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.

आणि नव्या संगणकाच्या पहिल्याच दिवसापासून माहितीच्या तीन प्रती ठेवण्याची सवय लावावी: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या वास्तूत. आज आणलेला संगणकही दहा-बारा वर्षांनी याच दाराशी येऊन उभा राहणार आहे. त्या वेळी ग्रंथपालाच्या खुर्चीत कदाचित दुसरी व्यक्ती असेल. माहिती कोठे आहे, टंक कोणता आहे आणि पुनःप्राप्ती क्रमांक कोणत्या कपाटात ठेवला आहे, हे सांगणारा एक कागद तिच्यासाठी दाखल नोंदवहीच्या आतल्या पानाला आजच चिकटवून ठेवावा.